रांगेच्या टोकाला

पाण्याबाहेर पडताच तिने पोहण्याचा चष्मा कपाळावर ढकलला, रबरी पोशाख खांद्यांवरून कमरेपर्यंत सोलून काढला आणि सायकलींच्या दिशेने धावली. समोर शेकडो सायकली टांगलेल्या होत्या. तिला दिसत होता फक्त एक करडा, चमचमता धूर. नंबरचा चष्मा हेल्मेटमध्ये होता, हेल्मेट सायकलवर, आणि सायकल कुठल्या रांगेत होती ते तिला माहीत नव्हतं.

ती थांबली. कान देऊन उभी राहिली.

जाळीपलीकडे गलका चालला होता. कुणी टाळ्या वाजवत होतं, भोंग्यावरून नावं पुकारली जात होती. जी हाक यायला हवी होती ती आली नाही.

रांगा मोजायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. आजवरच्या प्रत्येक शर्यतीत आई तिच्या रांगेच्या टोकाला जाळीला चिकटून उभी राहायची आणि ती पाण्याबाहेर आली की लाजलज्जा सोडून ओरडायची, “बेडके! इकडे गं, इकडे!” लोक हसायचे. ती आवाजाच्या रोखाने पळत सुटायची, आणि सायकल तिथेच असायची. पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिन्हींच्या या अजिंक्यपद स्पर्धेसाठी तिची निवड झाली तेव्हा आई होती. तारीख येईपर्यंत थांबली नाही.

आज त्या जागी बाबा होते. सकाळी सायकल टांगून झाल्यावर तिने त्यांना हाताला धरून तिथे नेलं होतं.

“इथून हलायचं नाही. मी बाहेर आले की हाक मारा.”

“बेडके म्हणून?”

“हो.”

“लोक म्हणतील, म्हातारा सकाळी सकाळी बेडूक शोधतोय.”

“आई मारायचीच की हाक.”

“तिला कोण काय बोलणार होतं,” बाबा म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली होती. मागच्या दारातून त्यांनी ‘पुढे सरका’ म्हटलं की ड्रायव्हरच्या पाठीशी उभा असलेला माणूससुद्धा सरकायचा. त्यांच्या आवाजाची तिला काळजी नव्हती. काळजी होती ती त्यांच्या घराची. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे राहत होते. एकाच पातेल्यात काहीबाही उकळून खायचे, आईचा गाऊन खुर्चीच्या पाठीवर होता तसाच ठेवून समोरच्या पलंगावर बसून राहायचे. ‘माझ्याकडे चला’ म्हणून म्हणून ती थकली होती. शेवटी बाबांनीच पैज लावली.

“ती तुझी लांबची शर्यत आहे ना, ती पुरी करून दाखव. दिलेल्या वेळात. मी घराला कुलूप लावतो आणि मुकाट्याने तुझ्याकडे येतो. नाही झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

तिने हात पुढे केला होता, आणि त्यांनी टाळी दिली होती.

ती डावीकडच्या रांगेत शिरली. हाताला लागलेली सीट तिची वाटली.

“अहो ताई, ती माझी आहे!”

“माफ करा.”

ती दुसऱ्या रांगेतून परत आली, जाळीच्या कडेकडेने तोंड वर करून चालत गेली. पलीकडचे चेहरे म्हणजे नुसते फिकट ठिपके. “बाबा!” ती ओरडली. पुन्हा उलट्या दिशेने गेली. “बाबा!” गलक्यातून कुणी उत्तर दिलं नाही. तोवर बाकीचे येऊन आपापल्या सायकली घेऊन जात होते. रांगा विरळ झाल्या, जागोजागी नुसते दांडे उरले, तेव्हा कुठे तिला तिची सायकल सापडली.

एरवी दातांच्या लॅबमध्ये मेणात एकेक दात बसवून कवळ्या घडवणाऱ्या तिच्या बोटांना हेल्मेटचं बक्कल लावता येईना.

बाहेर सपाट रस्ता होता आणि समोरून वारा. गोदामांच्या भिंती संपायच्या, की कारखान्यांच्या सुरू व्हायच्या. पहिला फेरा होईपर्यंत तिच्या मनात एकच होतं, बाबांना चक्कर तर आली नसेल? मग वळणावर जाळी आली, आणि ते दिसले. ताठ उभे होते, तिची पिशवी छातीशी धरून. त्यांनी हात वर केला. तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या वळणानंतर मात्र पाय एकदम जड झाले. मागून येणारे निघून गेले होते. शेवटच्या फेऱ्यात रस्त्यावर ती होती, वारा होता आणि हळूहळू मागून येणारी, हरलेल्यांना उचलणारी गाडी.

ती पोचली तेव्हा धावण्याच्या वाटेवर दोरी बांधत होते.

“सॉरी ताई. बंद झालं.”

“केव्हा?”

“आत्ताच हो. जरा आधी आला असतात तर...” पंचाने वाक्य सोडून दिलं आणि खाली बसून तिच्या घोट्यावरची वेळ मोजणारी चिप काढून घेतली. झोपलेल्या मुलाचा बूट काढावा तशी, हलक्या हाताने.

बाबांनी तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. दोघं फुटपाथच्या कडेला बसले. त्यांनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

“वाटेत खाल्लंस का काही?”

“हो.”

“जाऊ दे गं. एवढं केलंस, आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही. आम्ही बस चुकली तर पुढच्या बसची वाट बघणारी माणसं.”

कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोकळा ऐकला नव्हता. तिने मान वर करून पाहिलं. आता डोळ्यांवर चष्मा होता. बाबांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता.

“मी सायकल शोधत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“तिथेच. तू उभं केलंस तिथे.”

“मी दिसले नाही?”

बाबांनी तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं. घट्ट बसलं होतं, तरी आणखी आवळलं.

“दिसलीस ना. दोनदा समोरून गेलीस. दुसऱ्या वेळी तर इतक्या जवळून, की तुझ्या केसांतलं पाणी माझ्या हातावर उडालं.”

दोरीपलीकडून एक माणूस धापा टाकत गेला. त्याच्या मुली जाळीला धरून ओरडत होत्या. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. विचारायचा होता तो प्रश्न तिने टॉवेलमध्ये तोंड पुसता पुसता गिळला.

“घरी जायला संध्याकाळची गाडी मिळेल मला,” बाबा म्हणाले.

“मिळेल.”

“तू नको येऊस स्टँडवर. पाय बघ कसे झालेत.”

“बरं. पोचलात की फोन करा.”

“करतो.”

ते उठले, पिशवी तिच्याजवळ ठेवली, तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि चालू लागले. तीही भिंतीला धरून उठली, दोन पावलं त्यांच्या मागे गेली. त्यांची चाल तरुण माणसासारखी झपाझप होती. तिला त्यांना गाठता येईना, आणि तिने त्यांना थांबा म्हटलं नाही.