टिंबाच्या पुढचा आकडा

मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे; पण लोळत वाचावा असा नाही. माझ्यात ना राजा, ना राणी. माझ्यात आहेत माणसाला होणारे आजार आणि प्रत्येकापुढे त्याचा कोड, म्हणजे एक अक्षर आणि काही आकडे. सर्दीला कोड, खोकल्याला कोड. मित्रांनो, मगर चावली तर त्यालाही माझ्यात जागा आहे! ते पान आजवर फक्त हसण्यासाठी उघडलं गेलं, हे आमच्या रुग्णालयाचं भाग्य.

बांधणीचा डिंक पुरता वाळलाही नव्हता, तोच मला खोक्यात घालून इथल्या नोंदणी विभागात आणलं. जिन्याखालची लांबट खोली, भिंतभर लोखंडी मांडण्या, त्यांत कोंबलेल्या फाइली आणि खिडकीशी एक टेबल. ते टेबल टिंबताईंचं. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल त्यांच्याकडे येई. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा, मला उघडायचं, कोड शोधायचा आणि रुग्णाच्या छोट्या कार्डावर तो लिहायचा, हे त्यांचं काम. कोड पाठ असला तरी मला उघडल्याशिवाय त्या लिहीत नसत. म्हणून मी त्यांच्यावर फार खूश होतो.

त्यांना टिंबताई का म्हणत, तेही सांगतो. पोटातल्या अल्सरचंच घ्या. अल्सर म्हणजे आतल्या अस्तराला पडलेली जखम. ती जठरात असेल तर ‘के पंचवीस’, लहान आतड्याच्या सुरुवातीला असेल तर ‘के सव्वीस’. मग येतं टिंब, आणि त्याच्यापुढे एकच आकडा. जखम ताजी की जुनी, रक्त गेलं का, भोक पडलं का, हे सगळं तो एकटा सांगतो. आणि काहीच कळलेलं नसेल तर नऊ. हा नऊ भलता सोयीचा! आमच्या विभागाचे साहेब रोज म्हणत, “बाई, फाइलींचा डोंगर झालाय. नऊ टाका आणि मोकळ्या व्हा.” पण टिंबापुढचा खरा आकडा मिळेपर्यंत ताई कुणाला सोडत नसत, म्हणून त्या टिंबताई.

एके दिवशी एका बँडमास्तरांची फाइल आली. आठ दिवस राहून ते बरे होऊन गेले होते. डॉक्टरांच्या शेवटच्या कागदावर दोनच शब्द होते, ‘जठराचा अल्सर’. तेही मुंगी शाईत बुडून चालल्यासारखे. ताईंनी फाइल बगलेत मारली, दुसऱ्या बगलेत मला घेतलं आणि दोन जिने चढून पोटाच्या डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, टिंबाच्या पुढे काय लिहू?”

“अहो, मी इथे माणसं बरी करतोय. टिंबं तुमची तुम्ही बघा ना!”

“तीच बघायला आलेय. रक्त गेलं होतं का?”

“गेलं होतं का म्हणजे? दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं त्यांना!”

“मग या कागदावर ते कुठंय?”

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला. मग ओशाळून हसले. “खरंच की हो, राहिलंच!”

“आणि जखम झाली कशाने?”

“गुडघे दुखतात म्हणून वर्षभर मनानेच वेदनाशामक गोळ्या खात होते.”

“तेही लिहा.”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. जुनी जखम, रक्तस्राव झालेला, कारण वेदनाशामक गोळ्या. खाली आल्यावर ताईंनी कार्डावर कोड घातला, ‘के पंचवीस, टिंब चार’. शेजारी गोळ्यांच्या त्रासाचा वेगळा कोड. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ताईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही.

सात-आठ महिने गेले. एका दुपारी टेबलावरचा फोन खणाणला. अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. बँडमास्तर मंचावरून पडले होते, डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. ते कळवळत होते आणि दुखणं थांबवणारं इंजेक्शन भरून तयार होतं.

“पूर्वी काही आजार होता का विचारलं, तर म्हणतात, थोडी ॲसिडिटी होती. मुलगी म्हणते, बाबा इथे आठवडाभर होते. नक्की काय झालं होतं?”

फाइल मागच्या मांडणीत, वरच्या कप्प्यात. ती काढायला शिडी लागली असती. पण कार्ड हाताशी होतं. ताईंनी कोड पाहिला आणि मला उघडलं.

“जठरातली जुनी जखम, रक्त गेलेलं. आणि ती वेदनाशामक गोळ्यांमुळे!”

पलीकडून आवाज आला, “बाप रे! मी त्याच जातीचं औषध देत होते. दुसरं देते. थँक्यू, ताई!”

फोन ठेवून ताईंनी कार्ड परत जागेवर लावलं. साहेब उठले, माठातलं पाणी स्वतः आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि जागेवर गेले.

पंधरा दिवसांनी बँडमास्तर ताईंचे आभार मानायला आले, डावा हात प्लास्टरमध्ये आणि उजव्या हातात ट्रम्पेट. “वाजवायला उजवाच लागतो,” म्हणाले, आणि ‘शांतता राखा’ या पाटीखालीच उभे राहून त्यांनी अशी धून छेडली की फाइलींवरची धूळ उडाली! परिचारिका धावत आल्या. पोटाचे डॉक्टर ओरडायला म्हणून खाली आले आणि पायाने ठेका धरून उभे राहिले. मग बँडमास्तरांनी मला एका हाताने उचलायचा प्रयत्न केला. “अबब! माझ्या पोटाची गोष्ट एवढी जड?” ताई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

पुढे संगणक आला. कोड पडद्यावर मिळू लागले आणि मला पडद्याखाली ठेवलं, उंची कमी पडत होती म्हणून! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, नवं काम शिकायला आलेल्या मुलींसाठी निवृत्त झालेल्या ताई आता दर शनिवारी येतात, आणि आल्या आल्या मला बाहेर ओढतात. पडद्याखाली तेव्हा लाकडाचा ठोकळा जातो.

मागच्या शनिवारी त्यांतली एक मुलगी सांगत होती, “ताई, मी आमच्या आजोबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं, आजार आणि सोसत नाहीत ती औषधं एका कागदावर लिहिली आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. ते आधी चिडले. मग चष्मा लावून त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या!”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आज घरी गेलात की आजी-आजोबांजवळ बसा, विचारा, आणि असा एक कागद लिहा. अक्षर मात्र पोटाच्या डॉक्टरांसारखं नको, त्यांनी खुर्ची ओढून बसल्यावर काढलं तसं काढा.