भावाची शेड

गावच्या मंडळाच्या अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. एवढ्या दिवसांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. ज्या विषयात काही दम नाही, त्यावर मंडळ घसा बसेपर्यंत बोलतं. त्या दिवशीही पाण्याचा कूलर दाराशी ठेवायचा की जिन्याखाली, यावरून बसवाले आणि डेअरीवाले हे दोन सदस्य असे हमरीतुमरीवर आले, की सचिवांनी लिहिणं थांबवून पेनाचं टोपण लावून टाकलं.

"कूलरचं पुढच्या सभेत बघू," बाई वैतागून म्हणाल्या. "पुढचा विषय."

पुढचा विषय सुताराच्या शेडचा होता. घरालगत कामाची शेड बांधायची तर मंडळाची परवानगी लागायची. मास्तरांनी सगळ्यात आधी हात वर केला. ते शाळेतून निवृत्त झालेले, मंडळातले सर्वांत जुने सदस्य. त्यांच्या मागोमाग बसवाल्यांचा हात गेला, मग डेअरीवाल्यांचा, मग औषधांच्या दुकानाच्या मालकिणीचा. चुटकीसरशी ठराव मंजूर.

त्यानंतरचा अर्जही शेडचाच होता. तसाच रस्ता, तेवढीच जागा. अर्जदार वेल्डर, आणि हा वेल्डर म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. तो ज्या गाळ्यात काम करायचा, तो मालकाने विकला होता. महिनाअखेरीला गाळा रिकामा करून द्यायचा होता.

"माझ्या नात्यातला विषय आहे, मी बाहेर बसते," म्हणत बाई उठल्या.

बाहेर बाकावर भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. ठिणग्यांचे डाग पडलेले हात त्याने मांडीवर जोडून ठेवले होते. बहिणीला बघून तो ताडकन उभा राहिला.

"ताई, तू बाहेर का आलीस?"

"तुझा विषय चाललाय म्हणून."

"अगं, माझा विषय आहे म्हणून तर तू आत पाहिजेस!"

"मी तुला आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण खरंच उठून येशील असं वाटलं नव्हतं."

आतून मास्तरांचा आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. थोड्या वेळाने सचिवांनी दार किलकिलं केलं.

"दोन विरुद्ध दोन. मास्तर आणि बसवाले विरोधात. समसमान मतं पडली की अध्यक्षांचं मत लागतं, पण तुम्हीच बाहेर... ठराव बारगळला, बाई."

भाऊ बहिणीकडे न बघताच जिना उतरून गेला. बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि रस्त्याकडेचं गवत कधी कापायचं यावरची चर्चा ऐकत राहिल्या. कोण काय बोललं, विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

सभा संपल्यावर त्यांनी मास्तरांना आवारात गाठलं. लहानपणी त्या मास्तरांच्याच वर्गात होत्या, त्यामुळे एरवी त्यांच्यापुढे आवाज चढायचा नाही.

"सुताराला तुमचा हात आधी वर गेला, मास्तर. माझ्या भावाच्या वेळी काय झालं?"

"सुतार कुणाचा भाऊ नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, बाईंनी घरचं काम करून घेतलं. तुझ्या नावाला डाग लागू नये म्हणून मीच विरोध केला. बसवाल्यांनाही मीच समजावलं."

"माझं नाव सांभाळायला मी तुमच्याकडे कधी दिलं होतं?"

"रागावू नकोस. सहा महिन्यांनी त्याला पुन्हा अर्ज करता येईल."

"आणि तोवर त्यानं काय झाडाखाली बसून वेल्डिंग करायचं? तो परका असता तर आज त्याचं काम झालं असतं. माझा भाऊ आहे, एवढाच त्याचा गुन्हा!"

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. पण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. आठवडाभराने त्यांनी स्वतःच निरोप धाडला: विरोधात मत दिलेल्या सदस्याला फेरविचार मागता येतो, तो मी पुढच्या सभेत मागतो.

पुढची सभा महिनाअखेरीच्या आधीच होती, म्हणून बाईंचा जीव भांड्यात पडला. पण औषधवाल्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आणि कूलरचा विषय पहिल्या क्रमांकावर होता. जिन्याखाली ठेवायचं ठरलं, तसे बसवाले "मग इथं माझं काय काम?" म्हणत तणतणत निघून गेले. बाईंनी त्यांना जिन्यापर्यंत जाऊन हाका मारल्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आता भावाच्या विषयाला तुम्ही बाहेर गेलात तर आत दोघंच उरतात," सचिव चाचरत म्हणाले. "कोरम होत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

महिनाअखेरीला त्या भावाच्या गाळ्यावर गेल्या. त्याने शेजारच्या शहरात जागा भाड्याने घेतली होती. सामान टेम्पोत चढत होतं. वेल्डिंगचं मशीन उचलायला तो एकटाच खटपट करत होता, म्हणून बाईंनी पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली.

"आता बरा हात पुढे आला तुझा," भाऊ म्हणाला. "तेव्हा वर करायला नव्हता."

बाईंना ते झोंबलं. नियम काय आहे ते पुन्हा सांगावंसं वाटलं, पण स्वतःच्याच तोंडून तो नियम ऐकायचा त्यांना कंटाळा आला होता. दोघांनी मशीन टेम्पोत ठेवलं. भावाने हात पुसले, "येतो," एवढंच म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

त्यानंतरच्या सभेला सगळे हजर होते. फेरविचाराच्या विरोधात कुणी ब्रसुद्धा काढला नाही. बाहेरच्या बाकावर बाई नीट टेकल्याही नसतील, तोच सचिव मंजुरी घेऊन आले.

परवानगीचा कागद घेऊन त्या भावाच्या घरी गेल्या. दार भावजयीने उघडलं.

"ते आता शनिवारीच येतात, ताई. तिकडे कामं बरी मिळतायत म्हणे." तिने कागद हातात घेतला, वाचला. "याला मुदत किती?"

"वर्षाची."

"मी ठेवून देते. पण लगेच काही विचारू नका त्यांना. अजून घुश्शात आहेत."

"आणि तू?"

भावजय बाजूला सरली आणि म्हणाली, "आत तरी या. चहा टाकते."

बाई चपला काढून आत गेल्या.