सहाव्या मजल्यावरची खुर्ची

“माही खुर्ची हाये थे,” चंदाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “तुहे मामंजी बसत तिच्यावर. आता जिन्यात कोनीबी येऊन बूड टेकनार!”

“आई, आजचा एक दिवस.” भावनाने खुर्ची नवव्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराबाहेर सरकवली.

“थे बाई सांगते अन् तू आयकतेस. माहं आयकलं का कधी?”

“थे बाई” म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची योलांडा. बोलिव्हियाची. उंचीने भावनाच्या खांद्याला लागायची, वेणी मात्र कमरेखाली. पहाटे ऑफिसं झाडायची, दुपारी तीन तास झोपायची आणि उरलेल्या दिवसात लंडनच्या क्रॉयडनमधली ही नऊ मजली इमारत ढवळून काढायची. तिचं लॅटिन बायकांचं मंडळ होतं. कोणी कोलंबियाची, कोणी इक्वादोरची, सगळ्या झाडूपोछा करणाऱ्या. त्यांनी कौन्सिलच्या मागे लागून तळमजल्याचा बंद हॉल उघडवला, म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून दिले, ज्यांची भाषा येत नव्हती त्यांचीही भांडणं मिटवली. शाळेच्या किचनमध्ये वीस वर्षं मुकाट्याने वाटाणे वाढणाऱ्या भावनाला हे बघून छाती दडपल्यासारखं व्हायचं. एवढीशी बाई, आणि एवढं बळ आणते कुठून?

गंमत म्हणजे मीटिंगमध्ये योलांडा स्वतः तोंड उघडायची नाही.

“मी फक्त खुर्च्या मांडते,” ती म्हणायची. “बसेल तो बोलेल.”

लिफ्ट जानेवारीत बंद पडली, आता मे उजाडला होता. चंदाबाईंचे गुडघे असे, की चार महिन्यांत त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. बुद्धपौर्णिमेला विहारात जायचंय, एवढं एकच त्यांचं मागणं. पौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. घरमालक कंपनीचे मिस्टर कॉलिन्स आज बघायला येणार होते. त्यांनी ‘अर्जंट’ लिहिलं तर लिफ्ट याच आठवड्यात, नाहीतर पुढच्या वर्षी.

योलांडाने मीटिंग हॉलमध्ये ठेवलीच नाही. जिन्यात ठेवली. प्रत्येक मजल्यावर घरातली एक खुर्ची, शेजारी एक माणूस. साहेबांनी चढत यायचं, दम लागला की बसायचं आणि ऐकायचं.

“नवव्यावर तुझ्या सासूबाई आहेतच,” ती भावनाला म्हणाली होती. “तू सहाव्यावर थांब.”

“सहाव्यावर? मी कशाला?”

“कम्पान्येरा,” योलांडा म्हणाली. सोबत चालणारी, असा त्याचा अर्थ तिनेच कधीतरी सांगितला होता. “तुला माहितीये.”

भावनाने तेव्हा विषय बदलला होता.

आता ती सहाव्या मजल्यावर उभी होती आणि खालून आवाज वर येत होते.

“इट्स ओके, वुई मॅनेज,” तिसऱ्या मजल्यावरची तनिषा म्हणत होती. काल हीच तनिषा, एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात बाबागाडी घेऊन, जिन्यातच रडली होती. चौथ्यावरच्या आजोबांनी हवेची चौकशी केली. पाचव्यावर सगळं झकास होतं. साहेबासमोर जो तो शहाणा झाला होता. उद्या घर खाली करा म्हणाले तर?

“सो, ऑन द होल, तुम्ही सगळे जमवताय. गुड,” कॉलिन्सचा आवाज आला, आणि कागदावर पेन खरखरलं.



कॉलिन्स वर आले. चेहरा टोमॅटोसारखा, टाय सैल. मागून योलांडा, आणि तिच्यामागे बाळाला घेतलेली तनिषा. कोपऱ्यात निळ्या विटक्या उशीची खुर्ची होती. कॉलिन्सनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

“प्लीज, नका बसू,” भावना म्हणाली. “ती मिस्टर डेझमंडची आहे.”

“ओह, येस.” त्यांनी कागद चाळला. “बस ड्रायव्हर होते ना? हार्ट कंडिशन. व्हेरी सॅड.”

तनिषाने मान डोलावली. जानेवारीत डेझमंड गेले, तेव्हापासून इमारतीत सगळे हेच म्हणत होते. वय झालं होतं. हार्टचा त्रास होता. त्यांच्या मुलीने घर रिकामं केलं तेव्हा ही एवढी खुर्ची योलांडाने मागून घेतली होती.

योलांडा भिंतीला टेकून उभी होती. काही बोलली नाही. खूण नाही, धीर देणारं हसू नाही. आणि भावनाला वाटलं, एवढ्या विश्वासाने आजवर कुणी आपल्यासमोर गप्प बसलं नव्हतं.

वरून, तीन मजल्यांवरून, चंदाबाईंचा खोकला ऐकू आला.

“ते या पायरीवर बसले होते,” भावना म्हणाली. इंग्लिश अडखळत होतं, तिने अडखळू दिलं. “जानेवारीत. दोन्ही हातांत पिशव्या. लिफ्ट बंद होती म्हणून बसले होते, आणि लिफ्ट बंद होती म्हणूनच गेले. हार्टमुळे नाही.”

तनिषाने बाळाला घट्ट धरलं.

“मला म्हणाले, ‘जस्ट कॅचिंग माय ब्रेथ, लव्ह.’ आम्ही सगळ्यांनी पाहिलं त्यांना. माझ्या हातात दूध होतं, घरी आई एकट्या होत्या. मी म्हटलं, ‘टेक केअर.’”

कॉलिन्सचं पेन थांबलं होतं.

“आणि त्यांना ओलांडून मी वर गेले.”