झाकणाची पूजा

आश्विनाचं ऊन. माणगंगेच्या कोरड्या पात्रातून ते चढतं, तरवडाच्या फुलांत थबकतं, कुसळांच्या लाटांवरून सरकत सरकत माळाच्या माथ्यावर येतं, आणि सगळा माळ हळद लागल्यासारखा पिवळा होतो. पाखरू बोलत नाही. वारा असतो, पण त्याला आवाज नसतो. त्या निःशब्द, हरिद्रावर्ण विस्तारात लाल रंगाचा एकच ठिपका दिसतो, पत्र्याच्या छपराखाली. ती निवासची गाडी.

आठ वर्षं लागली तिला. भंगारातल्या जीपचा सांगाडा, ट्रॅक्टरची चाकं, पुढची लहान, मागची थोर; भुईला टेकेल असं बसकं अंग, लांबट नाक, आणि सात वेळा चढवलेला रक्तवर्ण रंग. उभी असली तरी उधळायच्या बेतातल्या खोंडासारखी वाटायची. घरच्या अंगणात, घरच्या हातोडीच्या ठोक्याठोक्यानं ती घडली होती. असली गाडी तालुक्यात दुसरी नव्हती, आणि निवासला त्याचा तोराही होता.

पण तिचं काळीज त्यानं झाकलेलं होतं. इंजिनावर पत्र्याचं बॉनेट, आणि बॉनेटला चार बोल्ट, हाताची शीर फुगेपर्यंत आवळलेले.

"तात्या, नवरीचं तोंड तरी दावा की," पारावरची पोरं चेष्टा करत.

"धूळ जाती आत," तो म्हणायचा, आणि पुसलेला रंग पुन्हा पुसत राहायचा.

म्हातारी माणसं चेष्टा करत नसत. आत कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं.

आत केरबाअण्णांच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन होतं. केरबाअण्णा म्हणजे निवासचे वडील. अठरा वर्षांमागं, दसऱ्याच्या सकाळी, त्या इंजिनाच्या चाकानं त्यांचं उपरणं ओढलं, आणि उपरण्यामागून माणूस ओढला. चाकावरची लोखंडी जाळी तर जागच्या जागी होती. मग उपरणं आत गेलं कसं? गावानं आपलं उत्तर काढलं: इंजिनानं माणूस खाल्ला. गिरणी बंद झाली. भंगारवाला तीनदा आला, आणि इंजिनाची कथा ऐकून तीनदा रिकाम्या हातानं गेला. निवासची आई, चांगुणाबाई, दर अमावास्येला त्याच्यापुढं दहीभात ठेवू लागली.

खरं काय ते एकट्या निवासला माहीत होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी चाकावरची जाळी उतरवायची, चाकाला हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. आणि दसऱ्याला इंजिन सुरू करण्याआधी जाळी परत चढवायची. चढवण्याचं काम निवासचं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. माळ ल्यालेलं ते तैलस्निग्ध, कृष्णवर्ण चाक त्याला इतकं देखणं दिसलं, की दळणाला येणाऱ्या बायाबापड्यांनी ते फिरताना बघावं असं त्याला वाटलं. त्यानं जाळी भिंतीला टेकवून ठेवली. अण्णा आले, हँडल फिरवलं, आणि उपरण्याचं टोक वाऱ्यानं उडालं.

निवासनं आधी जाळी बसवली. मग आईला हाक मारली.

त्या दिवसापासून त्याला उघडं चाक बघवत नव्हतं. आणि इंजिन टाकवतही नव्हतं. एवढं वजन एका जागी ठेवून माणूस किती जगणार? हलवता येईल अशा एका लाल, सुंदर वस्तूत त्यानं ते बसवलं आणि वरून झाकण घातलं. जुनी जाळी छपराखालीच, भिंतीवरच्या खिळ्याला, गंज खात लटकत राहिली.

यंदा घटस्थापनेच्या सकाळी बॉनेट उघडं सापडलं.

भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. आणि चारही बोल्ट अण्णांच्या दळण मोजायच्या जुन्या मापट्यात, डोकी खाली करून. ते मुळात जाळीचे बोल्ट; अण्णा ते काढले की तसेच ठेवायचे.

निवासनं बोल्ट आवळले. दुसऱ्या सकाळी बॉनेट उघडं. त्यानं छपराची उघडी बाजू पत्र्यानं बंद करून दार लावलं, दाराला कुलूप लावलं. तिसऱ्या सकाळी उघडं. चौथ्या सकाळी उघडं. घटात धान्याचे अंकुर रोज बोटभर वाढत होते, आणि रोज पहाटे ते चार बोल्ट मापट्यात निजलेले असत, डोकी खाली, पाय वर. कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक त्याच्या खिशात. दुसरी आईच्या कमरेला.

आई उघडत असेल, तर आईला कळलेलं आहे. भूत परवडलं असतं त्याला. भुताला तोंड द्यायला माणूस हातात लिंबू-मिरची घेऊन उभा राहतो. आईला तोंड द्यायला काय घ्यायचं? बायको कधीच माहेरी निघून गेली होती. घरात माणूस म्हणावं अशी ही एकच म्हातारी उरली होती, आणि खरं कळलं तर ती त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही, अशी भीती त्याला अठरा वर्षं पुरली होती.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. त्यानं लवकर उठून बोल्ट आवळले आणि बॉनेटवर हळदीची बोटं ओढली. चांगुणाबाई तबक घेऊन आली, कमरेत वाकलेली, पिवळ्या उन्हात पिवळी दिसणारी.

"झाकणाची पूजा करतूस व्हय रं?" ती म्हणाली. "आत हाय त्येची कुनी करायची?"

निवासचे हात थांबले. मग त्यानं पाना घेतला, आणि एकेक बोल्ट काढला. बॉनेट उतरलं. ऊन आत शिरलं, चाकावर पडलं, आणि ते चाक अठरा वर्षांपूर्वी त्या सकाळी दिसलं होतं तितकंच देखणं दिसलं. त्याचं त्यालाच शरमल्यासारखं झालं.

"आयं, जाळी न्हवती," तो म्हणाला. "म्या काढली हुती. चाक दिसावं म्हनून. अण्णा गेल्यावर बसवली. इंजिनाचा काय दोष न्हाय."

माळावर काहीच हललं नाही. तबकातली ज्योतसुद्धा हलली नाही.

"ठावं हाय," चांगुणाबाई म्हणाली. "पिठाचा थर जाळीच्या आतल्या अंगाला असतो. त्या दिशी तो भाईरच्या अंगाला हुता. घाईत उलटी बसीवलीस तू. पंचनाम्याला मान्सं यायच्या आत म्या पदरानं पुसून काढला."

"मग इंजिनानं खाल्लं, असं..."

"म्याच म्हनले पयल्यांदा. नवरा गेला हुता. ल्योक ऱ्हायला हुता." तिनं चाकाला कुंकू लावलं. "ह्या मुक्या जिवावर आळ घेतला म्या. दहीभात त्येचाच हुता. माफीचा."

तिच्या तळव्याची कुंकवानं भरलेली बाजू त्याच्या गालाला लागली. निवास रडला. अठरा वर्षांचं रडणं होतं, ते जरा वेळानं आटोपलं. मग त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्यावर त्यानं विचारलं, "बोल्ट तूच काढत हुतीस ना, आयं? रोज?"

चांगुणाबाईनं आपले दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. संधिवातानं वळलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली बोटं.

"चटनीच्या डब्याचं झाकान निघत न्हाय रं ह्या हातांनी," ती म्हणाली.

त्या दिवशी बॉनेट परत चढलं नाही. गाव येऊन बघून गेलं. निवासनं चार माणसांत खरं सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी नजर टाळली. चार बोल्ट मापट्यात राहिले. चाकावर झेंडूची माळ राहिली. छपराचं दार लागलं.

दसऱ्याची पहाट. माळ अजून पिवळा व्हायचा होता. निवासनं कुलूप काढलं, आणि आईला हाक मारली. या वेळी त्यानं हाक आधी मारली.

भिंतीवरचा खिळा रिकामा होता. मापटं रिकामं होतं. चाकावर जुनी जाळी चढलेली होती, सुलटी, चारही बोल्ट आवळलेले; आणि तिच्या गंजक्या चौकटींमधून चाक दिसत होतं, माळ दिसत होती, सगळं सगळं दिसत होतं. चांगुणाबाईनं आपट्याचं पान जाळीवर ठेवलं. पान ठेवताना बोट जाळीच्या आतल्या अंगाला लागलं, आणि ते पांढरं होऊन बाहेर आलं.

तिनं ते नाकाशी नेलं. नवी ज्वारी होती. पीठ अजून कोमट होतं.