राहुटीतली पांढरी धूळ

मी राहुटी बोलतेय. वारा सुटला की मी बोलते, एरवी घडी घालून गप्प पडून असते. आज वारा अजिबात नाही, तरी बोलतेय. का, ते शेवटी कळेल.

मला एका तुरुंगात शिवलं. ज्यांना बाहेर जायचं होतं, त्या कैद्यांनी मला शिकवलं की बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. दुहेरी शिवण, मेण लावलेला दोरा, आणि तळाला हातभर रुंद झालर. झालर आत दुमडायची, वर माती लोटायची, मग धुळीची काय बिशाद. माझ्या कोपऱ्यावर निजामाचा शिक्का होता. विलीनीकरण झालं आणि त्यावर दुसरा बसला. आता दोन्ही वाचता येत नाहीत.

हा मुलूख मुंबई राज्यात येऊन दोन वर्षं झाली होती, त्या चैत्रातली ही गोष्ट. राघवेंद्र नावाचा हंगामी ओव्हरसियर मला बैलगाडीत घालून जळकोटच्या पलीकडच्या माळावर आला. तलावाचा पाट कुठून न्यायचा, त्याचा नकाशा त्याला काढायचा होता. सोबत दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेली सरोजिनी. तुळजापुराहून निघताना सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "जा, तंबूत राहून बघ. पाहुण्यारावळ्यांचा तरी त्रास नाही." यातला टोमणा कुठला आणि माया कुठली, हे सरोजिनी वाटभर शोधत बसली होती. ती बोलायचीच कमी. बघायची फार.

जागा ज्ञानोबानं निवडली. मोजणीची साखळी ओढणारा तो जुना गडी. "काळ्या रानात खुंटी धरत न्हाय, बाईसाब. ही जागा घट हाय. पांढरी हाय."

पांढरी म्हणजे जुन्या गावाची जागा. भिंती विरघळून तिथली माती पांढरी झालेली. कागदावर गावाचं नाव होतं आणि पुढं शेरा होता, बेचिराग.

"म्हणजे हो काय?" सरोजिनीनं विचारलं.

"ओस पडलेलं. जिथं दिवा लागत नाही असं."

"मग आपण लावू की."

राघवेंद्र हसला. ज्ञानोबा हसला नाही.

पहिला नकाशा आठ दिवसांत वरून परत आला. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, मळका, रेघा फुटलेल्या, पुन्हा काढावा. ओल्या शाईवर धूळ बसली होती. दुसरा नकाशा शुक्रवारी द्यायचा होता. तोही असाच गेला तर हंगामी माणसाला घरी पाठवायला साहेबाला चिठ्ठीसुद्धा लिहावी लागत नाही. त्या दिवशी राघवेंद्रची भाकरी ताटातच राहिली.

तेव्हा सरोजिनीनं पदर खोचला. माझं तोंड पश्चिमेकडून पूर्वेला फिरवून घेतलं. झालरीवर ओली माती थापली. दारात गोणपाट टांगलं आणि दिवसातून चार वेळा भिजवलं. आतली जमीन शेणानं सारवली, दाराशी सडा घातला, वर चार ठिपक्यांची रांगोळीही काढली. ज्ञानोबा म्हणाला, "बाईसाब, आता तर वाऱ्यालाबी इचारून यावं लागंल."

आणि खरंच, मंगळवारी दिवसभर वावटळी उठल्या, माझे तणावे कुरकुरले, पण आत कण आला नाही. मला अभिमान वाटला.

संध्याकाळी वारा पडला. पान हलेना. सरोजिनी कंदील पुसायला आत आली, तर कोऱ्या कागदावर पांढरी धूळ. चाळणीनं चाळल्यासारखी, सारखी बसलेली.

"दार उघडं टाकलंस ना?" राघवेंद्र म्हणाला.

"नाही."

"मग आली कुठून?"

मी माझी शिवण न् शिवण चाचपली. कुठं उसवले नव्हते. पण एक गोष्ट मला ठाऊक होती, सांगता येत नव्हती. माझा मधला खांब रोवला होता तिथून, दिवस कलला की, खालून घरघर यायची. जात्यावर कुणी एकटंच दळत बसावं तशी. थांबून, दम घेऊन, पुन्हा.

बुधवारी तेच. सरोजिनीनं कागदावरची धूळ बोटावर घेतली, हुंगली, आणि जिभेला लावून बघितली. तिचा चेहरा बदलला. मातीची चव ती नव्हती, जुन्या पिठाची होती.

मग तिनं टेबलावर निरांजन लावलं आणि समोर बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, ज्योत बघा."

"वाकलीय. वारा असेल."

"वारा बाहेरून येतो. ही दाराकडं वाकलीय."

दोघांनी टेबल उचलून बाजूला ठेवलं. खालचं सारवण गोल तडकलं होतं, परातीएवढं, कुणी दोरीनं आखावं तसं. त्या भेगेतून गार हवा येत होती. येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

हाकेसरशी आलेल्या ज्ञानोबानं वाकून बघितलं आणि मागं सरला. "पेव हाय. जुन्या लोकांचं ज्वारी साठवायचं भुयार. आपुन त्येच्या तोंडावर बसलोय, सायेब."

म्हणजे मी बाहेरची धूळ अडवत होते आणि ती माझ्या पोटातून येत होती. जितकी मला घट्ट लिंपली, तितकी ती आत साठत गेली.

रोज दूध घालायला इरम्मा यायची. साठीची, कपाळावर विभूतीचे पट्टे. ती कधी तणाव्यांच्या आत आली नव्हती. सरोजिनीला वाटायचं, सोवळं पाळत असेल. गुरुवारी सकाळी तिनं इरम्माला पेवाचं सांगितलं. म्हातारीनं तणाव्यांबाहेरूनच हात लांबवून माझी कड ओढली, नाकाला लावली आणि तिथंच खाली बसली.

"हितंच माझं सासर हुतं, पोरी. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली गाव उठलं. गाड्या जुपल्या हुत्या. वाटंला ज्वारी पायजे म्हून शिवकांताक्का पेवात उतरली. माझी थोरली जाऊ. पेव उघडून दोन दिस वाफ जाऊ द्यावी लागती. कुणाला थांबायला येळ हुता? उतरली ती उतरली. हाक मारली, व्हय म्हनली. दुसऱ्यांदा म्हनली न्हाय."

"कुणी काढलं नाही?"

"जो उतरंल तो मरंल. सासऱ्यानं दगड लोटला." इरम्मा हाताकडं बघत राहिली. "म्याबी हात लावला. नवी नवरी मी. मोठ्यांनी सांगितलं, लावला."

तिनं पदरानं हात पुसले.

"आमच्यात मातीच देत्यात. पर इभूती लावून, नाव घिऊन. तिला त्यातलं कायबी न्हाय. सायेब, दगड काढू नगा. फकस्त पाट हितनं नेऊ नगा. पान्यात जाईल ती."

राघवेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. आखलेली रेघ नेमकी तिथूनच जात होती. "रेघ माझी नाही, आजी. वरून ठरलीय."

दुपारी मला चाळीस पावलं पुढं नेऊन ठोकलं. आता पेवावर फक्त आभाळ होतं. ज्ञानोबानं सारवण खरवडलं, खाली दगड लागला. तिन्हीसांजेला इरम्मा चाळीस वर्षांनी तिथवर गेली. दगडाला विभूती लावली, पणती ठेवली आणि हाक मारली, "शिवकांताक्का."

घरघर थांबली. ज्योत एकदा इरम्माकडं वाकली आणि सरळ उभी राहिली. मग इरम्मा रडली. नवी नवरी रडते तशी, तोंडात पदर कोंबून.

आत राघवेंद्रनं टाक शाईत बुडवला. कागद स्वच्छ होता. सरोजिनीनं त्या जागेवर बोट ठेवलं. दोन महिन्यांत तिनं नवऱ्याकडं साधा गजरा मागितला नव्हता.

"एवढी रेघ वाकवता का?"

"विचारलं तर काय सांगू? नोकरी जाईल, सरोज."

"दगड लागला म्हणा. खोटं कुठं आहे?"

टाकावरची शाई सुकली. त्यानं पुन्हा बुडवला, आणि रेघ त्या जागेला वळसा घालून गेली. कडेला शेरा लिहिला, 'दगड'. सरकारी कागदावर शिवकांताला तेवढीच जागा मिळाली.

शुक्रवारी साहेबाचं बोट त्या वळणावर थांबलं. त्यानं शेरा वाचला आणि सही केली.

त्यानंतर मी पुष्कळ माळ बघितले. आता गुदामात घडी होऊन पडलेय. खिडक्या बंद, दार बंद, तरी दिवस कलला की माझ्याखालच्या फरशीवर पांढरी धूळ पडते. गुदामवाला रोज चिडून झाडतो. माझ्यातच उंदीर झालेत म्हणतो. पण मला ओळखीची घरघर ऐकू येते. त्या तीन दिवसांत जी हवा मी कोंडून ठेवली, तिच्यातलं काहीतरी माझ्या दुहेरी शिवणीत राहून गेलंय. बाहेरचं आत कसं येऊ द्यायचं नाही, ते कैद्यांनी मला शिकवलं होतं. आतल्याला बाहेर कसं सोडायचं, ते त्यांना तरी कुठं ठाऊक होतं.

तुम्ही मला कधी उलगडाल, तर एवढं करा. जळकोटच्या माळावर पाट जिथं उगाच वळलाय, तिथं न्या. तिन्हीसांजेला एक पणती लावा. आणि झटकण्याआधी नाव घेऊन हाक मारा. ओ आली, तर घाबरू नका. दुसऱ्या हाकेची ओ तिची अजून द्यायची राहिलीय.