बोट वळायच्या आत

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो. त्याच्यामागून बोट वळली, की ती धक्क्याला लागेपर्यंत एक कॉफी जेमतेम उकळून होते. आज दुपारपासून मी त्या खिडकीकडे इतक्यांदा बघितलं, की आई म्हणाली, "अगं मिर्सिनी, बघून बोट लवकर येत नसते."

लवकर यायला नकोच होती. माझं मटणसुद्धा गरम झालं नव्हतं.

माझा बाबा त्या बोटीवर कामाला आहे. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या आणि शेवटी रॅम्प उचलायचा. तो कुणासाठी थांबत नाही. एकदा चर्चच्या फादरना त्याने सामानासकट धक्क्यावर ठेवलं होतं. यंदा ईस्टरची स्वतःची सुट्टी त्याने बोटीवरच्या एका पोराला देऊन टाकली, कारण त्या पोराला नुकतीच मुलगी झालीय. आईला हे फोनवर सांगितलं, आणि आईने फोन ठेवला तो ठेवलाच. काल अंगणात कोकरू सळईवर फिरत होतं, सगळे नाचत होते, आणि आई नवी चप्पल घालून नुसती बसली होती.

मग मीच बाबाला कळवलं, "उद्या बोटीवर जेवू नकोस. आपल्या कोकराचं मटण पिटात गुंडाळून गरम गरम आणते." म्हणजे आता तो उपाशी असणार.

"बोटीवर स्वयंपाकी आहे," आई म्हणाली.

"त्याचं मटण बाबाला आवडत नाही."

"सुट्टी वाटताना आठवायचं होतं."

मी हाडावरचं मटण सोडवलं. फ्रीजमध्ये चरबी मेणासारखी पांढरी झाली होती. तवा तापला, चरबी सुटली, वर ओरेगानो, लिंबू. घरभर कालचा वास पसरला. दुसऱ्या बाजूला पिटा भाजायला टाकले, टोमॅटो चिरला, कांदा चिरला, लसणाच्या दह्यात काकडी किसली आणि खिडकीशी जाऊन आले. परत बघते तर दह्याचं पाणी झालेलं. काकडी पिळायची राहिली होती.

आईने वाडग्यात डोकावलं. "हे दही आहे की सूप? पिटा धक्क्यापर्यंत टिकणार नाही. तुझ्या बाबाच्या हातात लगदा पडेल."

"पडू दे. तुला काय त्याचं?"

"मला काहीच नाही." तिने फडकं घेतलं, दही त्यात ओतलं आणि मोरीवर धरून असं पिळलं, की मला बाबाच्या मानेची काळजी वाटली. "दही वाया जातंय म्हणून."

तेवढ्यात डोंगरामागून बोटीचं नाक दिसलं.

दही, मटण, कांदा, टोमॅटो. गुंडाळ, कागद, पिरगळ. एक झाला, दुसरा झाला. मी पिशवी उचलली तर आईने त्यात एक लाल अंडं टाकलं. दर ईस्टरला दोघं अंड्यावर अंडं आपटतात, दर वेळी बाबाचं फुटतं, आणि दर वेळी तो म्हणतो की आई कडक अंडं आधीच लपवून ठेवते.

मी पायऱ्या उतरले नाही, पायऱ्यांवरून पडत पडत खाली गेले असं म्हणा. कोपऱ्यावर मांजर उडालं. धक्क्यावर पोचले तेव्हा शेवटचा ट्रक आत गेला होता आणि रॅम्प दगडावरून सुटला होता.

"मिर्सिनी, मागे हो."

"बाबा, थांबव ना."

"मागे हो म्हणतोय ना."

थांबवणार नाही, हे मला माहीत होतं. मी पिशवी फेकली. त्याने ती दोन्ही हातमोज्यांनी छातीशी झेलली. रॅम्प चढतच होता. त्याने एक हातमोजा दातांनी ओढून काढला, कागद सोलला आणि भला मोठा घास घेतला. आधी त्याचे बूट दिसेनासे झाले, मग पिशवी, शेवटी हलणारे गाल.

धापा टाकत घरी आले, तर आई खिडकीशी फोनवर होती.

"मी फोडून नाही पाठवलं, इसिदोरोस. तुझ्या लेकीने फेकलं." थोडं ऐकून ती म्हणाली, "ते काही नाही. फुटलं म्हणजे हरलास." आणि मग, पाठ माझ्याकडे करून, हळूच, "खाल्लंस का दोन्ही? नीट पोट भरलं?"

माझ्यासाठी थोडं मटण तव्यावर उरलं होतं. चरबी पुन्हा पांढरी झाली होती, टाळूला चिकटत होती. मी उभ्या उभ्याच खाल्लं.