काट्यावरचे पाच किलो

बायनाबाईच्या गोष्टीतले बारा आणे सोडून द्यायचे अन् चार आणे खरे धरायचे, असा घाटनांदूरकडं रिवाजच व्हता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तिच्या नवऱ्यानं, धोंडीरामनं, एक दगड फोडला तर आतून बेडूक निघाला अन् त्यानं मुकादमाकडं पाणी मागितलं, हे ती आजबी शपथ घेऊन सांगायची.

यंदाचं सालबी तसलंच. टँकर आठवड्यातून एकदा. तीस वर्सं सायकलीला दुधाच्या कॅन टांगून अंबाजोगाईच्या डेअरीला नेणारा धोंडीराम आता दारातल्या लिंबापर्यंत जायला दोनदा थांबायचा. आडवं झालं की गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचा. चप्पल पायात जाईना. बायनाबाईनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, तर वल्या मातीत पडावा तसा खड्डा पडला अन् लवकर भरंना.

"आवं, हे काय?"

"बाळसं हाय बाळसं. बहात्तरला माझ्या बरगड्या मोजायचीस. आता बघ!"

तिनं शेजारच्या छबुबाईला सांगितलं, "ह्यांचे पाय रांजणावानी झालेत गं."

"रांजण व्हय? आन् बेडूक कुठं बसलाय?" छबुबाई पदर तोंडाला लावून हसली.

बायनाबाईनं जल्मभर थापा मारल्या, अन् आता खरं सांगावं तर कुणी ऐकंना. मग तिनं धोंडीरामला हाताला धरून समोरच्या दूध सोसायटीत नेलं. दूध आटलं व्हतं, पण पेंडीची पोती तोलायचा काटा चालू व्हता. आठ दिवसांमागं सेक्रेटरी भगवानरावानं गमतीत त्याला त्याच काट्यावर उभा केलता, तवा बावन्न किलो भरला व्हता.

आज सत्तावन्न.

"काय काकू, तूप पाजताव का?" भगवानराव म्हणला.

"अर्धी भाकर खाती ही स्वारी. तीबी बळंच. मग पाच किलो आले कुठून? माझं खरं धरू नगंस, काट्याचं तर धर!"

भगवानरावाचं हसू गेलं. "काका, दवाखान्यातनं दिलेल्या गोळ्या घेताव न्हवं?"

धोंडीराम पेंडीच्या पोत्यावर टेकला. "ती अंगातलं पाणी काढायची गोळी सोडली महिना झाला. खाल्ली की घडीघडी लघवीला जावं लागतंय. ही बाई घागरभर पाण्यापायी उन्हात उभी राहती, अन् मी ते असं घालवू? अंगात साठलं तर साठू द्या."

"आरं देवा!" बायनाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

भगवानरावानं जीप काढली. अंबाजोगाईच्या रस्त्याला लागताच जुना पूल आला. एके काळी ह्या पुलावर रिकाम्या कॅनचा खडखडाट झाला की घरात बायनाबाई तव्यावर भाकर टाकायची. ती फुगायच्या आत हा दारात. सायकल काय, वाऱ्याशी पैज. आता तोच माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून एकेक श्वास ओढत व्हता, अन् तिला एकबी थाप सुचंना.

दवाखान्यात नाकाला नळी लावली, सुई दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हृदय थकलंय. पाणी पुढं ढकलता येत नाही, म्हणून ते पायांत अन् फुप्फुसात साठतंय. गोळी मनानं सोडायची नाही. लोणचं, पापड बंद, मीठ कमी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की लगेच यायचं, सुजेची वाट बघायची नाही. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं."

तिसऱ्या दिवशी धोंडीराम एका उशीवर आडवा झाला अन् घोरायला लागला. पन्नास वर्सं ज्या घोरण्याला ती शिव्या घालत आली, ते ऐकत बायनाबाई पायथ्याशी बसून राहिली.

जाग आली तसा तो कुरकुरला, "लई पाणी वाया चाललंय गं माझ्यापायी."

"जाऊ द्या," ती म्हणली. "पाणी आणायला मी हाय. तुमाला कुठून आणू?"